मदत हवी आहे: पालकांनी दिलेली मिश्र मलमाची ट्यूब पाळणाघरात लावायची का?

पाळणाघरातल्या आठ महिन्यांच्या बाळाला डायपरच्या जागी पुरळ आहे. साधी रॅश उंचवट्यांवर येते, जांघेची घडी सहसा सुटते. इथे गडद लाली घडीतच आहे आणि कडेला सुटे बारीक लाल ठिपके. म्हणजे बहुधा बुरशी. तोंडात पांढरे चट्टे नाहीत, ताप नाही.

दर दोन तासांनी आणि शी झाल्यावर लगेच डायपर बदलतो, कोमट पाण्याने धुऊन न घासता टिपतो, थोडा वेळ उघडं ठेवून झिंक ऑक्साइडचा जाड थर देतो. (पुढच्या वेळी थर खरवडायचा नाही, मळलेलाच भाग पुसायचा.) पावडर बंद. तीन दिवसांत उतार पडायला हवा होता, पडला नाही.

आईने केमिस्टकडून ट्यूब आणली आहे: क्लोट्रिमॅझोल (बुरशीवरचं औषध), सोबत बीटामेथासोन (स्टिरॉइड) आणि निओमायसिन (अँटिबायोटिक). स्टिरॉइडने लाली दबते, बुरशी मात्र पसरू शकते. वर डायपरचं झाकण असलं की औषध जास्त शोषलं जातं, कातडी पातळ होते. नुसतं क्लोट्रिमॅझोलही डॉक्टरांनी बघितल्यावरच लावलेलं बरं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध न लावण्याचा नियम तुम्ही प्रवेशाच्या वेळीच लेखी घेता का? फॉर्ममध्ये औषधाचं नाव, किती वेळा, किती दिवस, याशिवाय काय असतं? आणि ‘शेजारच्या बाळाला यानेच गुण आला’ म्हणणाऱ्या आईला न दुखावता काय सांगता?