पानशेत बॅकवॉटरला दोन रात्री तंबूत: सामानाची यादी तपासून द्या

नवखा_तंबूकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून निघून रविवारी दुपारी परत यायचं आहे. चौघं, दोन मोटरसायकली. पानशेतच्या बॅकवॉटरला एका शेतकऱ्याच्या रानात राहायची परवानगी मिळाली आहे. आत्तापर्यंतची यादी: दोन माणसांचे दोन तंबू, चार स्लीपिंग बॅगा, डब्यावर बसणारा छोटा स्टोव्ह, २३० ग्रॅमचा गॅसचा एक डबा, तांदूळ, डाळ, पोहे, चहाचं सामान, दोन टॉर्च, पॉवरबँक, ब्लूटूथ स्पीकर. गॅस पुरेल का? पाणी किती न्यायचं? थंडीला अजून काय लागेल? सगळं गाडीवर बसलं पाहिजे.

गारठा
स्पीकर घरी ठेवा, त्या जागेत मॅट बसते. यादीत मॅटच नाही आणि तीच सगळ्यात मोठी चूक आहे. थंडी खालून येते. अंगाखाली स्लीपिंग बॅग दबली की तिच्यातली हवा निघून जाते, मग ती कितीही जाड असली तरी पाठीला गारच लागतं. माणशी १० मिलिमीटरची फोमची मॅट घ्या. फुगवायची नको, कारण तिकडे भाताची खाचरं असतात आणि कापणीनंतरची धसकटं खिळ्यासारखी उभी राहतात. तंबू लावायच्या आधी तेवढी जागा धसकटं उपटून साफ करा.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’चं बघा. ‘लिमिट’ म्हणजे कुडकुडत रात्र निघेल एवढंच. पुण्यात १० अंश असेल तर पाण्याकाठच्या खोलगट जागेत त्याहून कमी धरा, कारण गार हवा उतारावरून खाली येऊन तिथंच साचते. म्हणून काठापासून ५०-६० मीटर मागे, थोड्या उंचवट्यावर तंबू लावा. बांधाला खेटून नको. बांधात उंदरांची बिळं असतात आणि उंदरांमागे साप येतो.

तंबूखाली ताडपत्री घालाल ती तळापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं आत दुमडा. बाहेर राहिली तर वरून ओघळणारं दव तिच्यावर जमून तुमच्याच खाली शिरतं. आणि थंडी वाजते म्हणून झरोके बंद करू नका. दोघांच्या श्वासाची वाफ आत धरते, पहाटे बॅग ओली.

चूल_आणि_वैल
गॅसचा हिशोब. एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस जातो, वारा असेल तर दीडपट. चौघांचा चहा चार वेळा: ८० ग्रॅम. पोहे दोनदा: ४०. शनिवारी दुपारी पिठलं-भात: ४५. रात्री खिचडी, तीन लिटरच्या कुकरमध्ये: ३०. उघड्या पातेल्यात केलीत तर दुप्पट, तेव्हा कुकरचं वजन सोसा. बेरीज १९५. म्हणजे एक डबा जेमतेम, तोही वारा नसेल तर. दोन डबे घ्या. नव्या डब्याचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून मार्करनं त्याच्यावरच लिहा, परत आल्यावर किती जळला ते कळतं.

पहाटे ज्योत मंदावली तर डबा संपला असं समजू नका. ब्युटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचं थांबतं आणि जळताना डबा स्वतःच आणखी गार होत जातो. कोमट पाण्याच्या ताटलीत डबा ठेवा. कोमटच, कढत नाही. वाऱ्याला आडोसा करताना डब्याभोवती पत्र्याचं पूर्ण कडं करू नका, उष्णता अडकून डबा तापतो. एकाच बाजूनं दगड लावा. तंबूच्या आत स्टोव्ह अजिबात नको, दार उघडं ठेवूनसुद्धा.

धान्य माणशी: खिचडीला तांदूळ ७५ ग्रॅम, मूगडाळ ४०. पोहे ७०. पिठल्याला बेसन ४०. मीठ, हळद, तिखट घरीच मोजून एकेका जेवणाच्या पिशवीत टाका, तिथं अंधारात डबे शोधायला नकोत. शुक्रवारची रात्र दशमी आणि कोरडी चटणी. त्या रात्री चूल मांडूच नका, चहा तेवढा करा.

पाणी माणशी रोज साडेचार लिटर धरा, स्वयंपाक-भांड्यांसकट. दोन दिवसांचं ३६ लिटर होतं, ते गाडीवर जाणार नाही. पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून न्या, बाकी गावातल्या हातपंपावरून, शेतकऱ्याला विचारून. बॅकवॉटरचं पाणी फक्त भांड्यांना. प्यावंच लागलं तर चौघडी कापडातून गाळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गोळी किती लिटरला ते पाकिटावर असतं, सगळ्या सारख्या नसतात. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो.

बोहरी_आळीचा_भक्त
तंबूबरोबर मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या मुरमात वाकतात. पुण्यातल्या बोहरी आळीतून सहा इंची खिळे १६ आणि चार मिलिमीटरची नायलॉन दोरी २० मीटर घ्या. खिळे गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळा, नाहीतर तंबू फाटेल.

गाडीवर जड सामान सीटला चिकटून, खाली. टेललाइटच्या मागे लटकवलं की हँडल हलकं होतं आणि चढाच्या वळणावर कळतं. गॅसचे डबे सायलेन्सरपासून लांब. आणि शुक्रवारी उजेडात पोचायचं बघा, अंधारात जागा निवडली की सकाळी दगड सापडतात, पाठीखाली.

नवखा_तंबूकर
मॅट, कुकर, दुसरा डबा, खिळे घेतले. स्पीकर काढला. शेकोटीला लाकडं न्यावीत का? आणि औषधांत काय?

गारठा
शेकोटी शेतकरी दाखवेल त्याच मोकळ्या मातीवर. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि अख्खा डोंगर पेटतो. झोपताना पाणी ओतून राख हातानं चाचपा, कोमट लागली तर अजून ओता.

औषधांत ओआरएसची सहा पाकिटं (एक पाकीट एक लिटरला, अर्धं-अर्धं करू नका), पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, बीटाडीन, पट्ट्या, क्रेप बँडेज. बूट तंबूत घ्या, घालण्याआधी झटका, विंचू बसतो. रात्री लघवीलाही टॉर्च आणि बूट, घोणस थंडीतही हिंडते. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि १०८. तिथं रेंज कुठं येते ते उजेडातच बघून ठेवा, जवळचं सरकारी रुग्णालय कुठं ते शेतकऱ्याला विचारा. फोन एरोप्लेन मोडवर टाका. रेंज शोधण्यातच बॅटरी जाते, आणि १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेतून प्रत्यक्षात ६,००० च्या आसपासच मिळते.