बटर फ्लेवरच्या कामामुळे दम लागतो का?

वाईची_पोर:
माझा दादा (वय ३४) तीन वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मिक्सिंगला आहे. पॉपकॉर्न-बिस्किटांसाठी बटरच्या वासाचं लिक्विड बनतं तिथे. घरी आला की अंगाला थिएटरच्या इंटरव्हलचा वास. पुतण्या त्याला 'पॉपकॉर्नबाबा' म्हणतो. दिवाळीपासून कोरडा खोकला सुरू झाला, आता दुसरा मजला चढताना मध्येच थांबतो. विडी-सिगारेट कधीच नाही. दमा म्हणून पंप दिलाय, तीन महिन्यांत काडीचा फरक नाही. एक्स-रे क्लिअर. सुपरवायझर म्हणतो, "हे लोक खातात, तुला काय होणार?" इथे कुणी या विषयातलं आहे का?

अण्णा_सातारकर:
हवा पालटली की आमच्याकडेही सगळे खोकतात. अडुळशाचा काढा द्या.

उंदीरवाली:
अण्णा, काढा नंतर.

मी विषशास्त्रात संशोधन करते. उंदरांना आणि काचेतल्या पेशींना रसायनांची वाफ हुंगवायची आणि काय बिघडतं ते बघायचं, हा माझा रोजगार. डॉक्टर नाही, त्यामुळे दादाला नेमकं काय झालंय ते मी सांगणार नाही. पण सुपरवायझरचं ते वाक्य वाचून राहवलं नाही.

२००० साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या जॅस्पर गावी मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात काम केलेल्या ८ जणांना एकच दुर्मीळ आजार निघाला: ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. यात फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिका व्रण भरून बुजतात आणि परत उघडत नाहीत. नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने तपासलं तेव्हा तिथल्या कामगारांत श्वासमार्ग अरुंद झाल्याचं प्रमाण अपेक्षेच्या ३.३ पट होतं. गरम तेलात फ्लेवर ओतणारे मिक्सिंगचे कामगार सर्वांत धोक्यात. संशय गेला डायअसिटिल या रसायनावर. लोण्याला लोण्याचा वास बराचसा याच्यामुळेच येतो. खाण्यापुरतं ते सुरक्षित मानलंय, पण म्हणून श्वासातून घ्यायला सुरक्षित होत नाही. पोट वेगळं, फुप्फुस वेगळं.

नायॉशने उंदरांना बटर फ्लेवरची वाफ फक्त ६ तास दिली, तर श्वासमार्गाचं अस्तर मेलेलं दिसलं. त्यातही उंदीर नाकानेच श्वास घेतो, बरीच वाफ नाकातच मुरते. ड्रम उचलताना धापा टाकणारा माणूस तोंडाने घेतो, ती थेट खाली जाते.

माझ्या टेबलावर माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींचा थर असतो. त्यांवरचे बारीक केस सूक्ष्मदर्शकात वाऱ्यावरच्या भातशेतीसारखे हलतात. वाफ दिली की ते शेत गप्प होतं. इतक्या वेळा बघूनही मला अजून ते बघवत नाही.

छातीविकारतज्ज्ञाकडे न्या आणि काम काय करतो ते आधी सांगा. पंप घेण्याआधी व नंतर अशी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी) करायला सांगा. दम्यात पंपाने आकडा बहुधा सुधारतो, या आजारात फारसा हलत नाही. साधा एक्स-रे क्लिअर येऊ शकतो. एचआरसीटी (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) करायची झाली तर श्वास भरून आणि सोडून, दोन्ही वेळा काढायला सांगा. तोवर मिक्सिंग बंद. गेलेलं परत येत नाही, म्हणून थांबू नका.

खाऊगल्ली:
म्हणजे आम्ही पॉपकॉर्न खायचंच नाही?

उंदीरवाली:
खा हो. गरम पाकीट फोडून त्यात नाक खुपसू नका, एवढंच.

वाईची_पोर:
दादाला फोन केला. टाकीला झाकण नाही, वरून बादलीने ओततात. तोंडाला कापडी मास्क. पण ड्रमवर 'डायअसिटिल-फ्री' छापलंय, मग?

उंदीरवाली:
हीच मेख आहे. डायअसिटिल काढून बऱ्याच ठिकाणी २,३-पेंटेनडायोन घातलं. ते त्याचं सख्खं भावंड, उंदरांत तसंच नुकसान करतं. २०१६ मध्ये नायॉशने हवेतली मर्यादा सुचवली ती डायअसिटिलसाठी अब्ज भागांत ५ भाग आणि याच्यासाठी ९.३. कापडाने वाफ अडत नाही. मास्कला सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज, म्हणजे वाफ शोषणारी डबी, लागतं, आणि त्याहून आधी टाकीला झाकण आणि वाफ ओढून घेणारा पंखा. मालाचं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यातली रसायनं आणि धोके लिहिलेला कागद, मागायला सांगा. त्यात ४३१-०३-८ किंवा ६००-१४-६ हे क्रमांक शोधा. पहिला डायअसिटिलचा, दुसरा पेंटेनडायोनचा.

वाईची_पोर:
ड्रमच्या लेबलचा फोटो आलाय. अक्षरं बारीक आहेत, पण दुसरा आकडा आहे. उद्याच नेते त्याला.