खिडकीतल्या टोमॅटो-मिरचीच्या रोपांभोवती बारीक काळ्या माश्या

प्रश्न – निशिगंध (पुणे)
गच्चीवर पावसाचा मारा फार होतो, म्हणून यंदा टोमॅटो, वांगी आणि मिरचीचे बी घरातच, पूर्वेच्या खिडकीशी, कोकोपीट व गांडूळखत समप्रमाणात घेऊन ट्रेमध्ये पेरले. उगवण उत्तम झाली. परंतु आता पाणी घालताच ट्रेमधून चिलटांसारख्या काळ्या माश्या उडतात आणि टोमॅटोची सात-आठ रोपे पिवळी पडून खुंटली आहेत. मिरचीच्या पानांखाली पांढरे कीटकही दिसले. घरात लहान मूल असल्यामुळे रासायनिक औषध नको आहे. रोपे वाचतील का?

रानवाट
काळ्या माश्यांपुरते सांगते. त्या ओलसर, सेंद्रिय मिश्रणात अंडी घालतात. उडणारी माशी रोपाला खात नाही. तिच्या काळ्या डोक्याच्या, पारदर्शक पांढऱ्या अळ्या मात्र वरच्या २-३ सेंटीमीटरच्या थरात राहून बुरशीबरोबर कोवळी मुळेही कुरतडतात, आणि जी इजा मोठ्या झाडाला जाणवतही नाही तिने एवढेसे रोप खुंटते. खात्री करण्यासाठी बटाट्याची चकती मिश्रणावर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. अळ्या असल्यास खालच्या बाजूला जमलेल्या सापडतील.

खरा उपाय पाणी देण्याच्या पद्धतीत आहे. वरून पाणी घालणे थांबवून ट्रे वीस-पंचवीस मिनिटे परातीतल्या पाण्यात ठेवा आणि वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नका. पिवळे चिकट सापळे फक्त माश्या धरतात, अळ्यांना नाही. तरीही ते लावा, कारण पुढची अंडी कमी होतात. अंड्यापासून माशीपर्यंतचा फेरा साधारण तीन-चार आठवड्यांचा असतो, तेव्हा आठवड्याभरात माश्या विरळ झाल्या म्हणून सैल पडू नका. जैविक औषध घ्यायचेच असेल, तर डासांच्या अळ्यांवर चालणारा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा ‘इस्रायलेन्सिस’ हा प्रकार मागा. पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी दुकानात मिळणारा ‘कुर्स्टाकी’ येथे उपयोगी पडत नाही.

मळेकरी (नाशिक)
मला पांढऱ्या माशीची अधिक चिंता वाटते. टोमॅटो आणि मिरचीतील पर्णगुच्छाचा, म्हणजे बोकड्याचा, विषाणू तीच पसरवते, आणि रोपावस्थेत लागण झाली तर झाडाला पुढे नीट फळ धरत नाही. पाने वळून बारीक झालेले रोप उपटून टाकणेच योग्य. म्हणूनच रोपवाटिकेत वाफ्यांवर ४० ते ५० मेशची (इंचाला तितकी छिद्रे असलेली) नायलॉन जाळी असते. तुम्हीही तारेच्या कमानी करून ट्रेवर अशी जाळी ताणा, पण त्याआधी पानांची खालची बाजू ओल्या कापडाने पुसून घ्या, नाहीतर कीड आतच कोंडली जाईल.

लिटरभर पाण्यात २-३ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारता येते. मात्र आधी दोनच रोपांवर परीक्षा घ्या. हे तेल लहान मुलाच्या पोटात गेल्यास घातक ठरू शकते, म्हणून बाटली उंच, बंद कपाटातच असावी.

निशिगंध
दोन दिवसांनी लिहीत आहे. टोमॅटोच्या ट्रेमधील चकतीखाली अकरा अळ्या निघाल्या, वांग्याच्या ट्रेमध्ये एकही नाही. एक शंका आहे: दोन रोपांचे खोड मातीलगत काळे, मऊ होऊन ती आडवी पडली. हेही अळ्यांमुळेच झाले का?

रानवाट
नाही, ती बुरशीजन्य मर आहे, आणि तिलाही अतिओलावाच पोसतो. ती दोन रोपे भोवतीच्या मिश्रणासह काढून टाका, उरलेली विरळ करा आणि त्यांच्यावरून पंख्याचा मंद वारा जाऊ द्या.