वेगळं राहायला लागल्यावर चाइल्ड बेनिफिटचं काय?

नमस्कार मंडळी,
आपल्या एका सभासद ताईंचा प्रश्न त्यांच्या विनंतीवरून नाव न घालता पाठवतो आहे. या ताई कोण, अशी चौकशी कृपया कुणी करू नये.
– कार्यकारिणी

"मी आणि नवरा १४ सप्टेंबर २०२५ पासून वेगळे राहतो. मुलगी ४ वर्षांची, मुलगा ९ चा. दोघंही माझ्याकडे असतात, एकाआड एक शनिवार-रविवार बाबाकडे जातात. चाइल्ड बेनिफिटचे (कॅनडा सरकार मुलांसाठी दरमहा देतं ते) महिन्याला ५१५ डॉलरच्या आसपास येतात, ते आमच्या दोघांच्या मिळून वर्षाच्या १,२८,००० च्या उत्पन्नावर. माझं एकटीचं ३४,००० आहे. घटस्फोट अजून झालेला नाही. तोवर थांबू का? शिवाय फेब्रुवारीपासून मुलांनी आठवड्यातले तीन दिवस बाबाकडे राहावं असं बोलणं चाललंय."

---

ताई, अजिबात थांबू नका. घटस्फोटाच्या निकालाशी याचा संबंध नाही. नातं तुटल्यामुळे सलग ९० दिवस वेगळे राहिलात का, एवढंच सीआरए (कॅनडाचं कर खातं) बघते. तुमचे ते दिवस डिसेंबरमध्येच भरले. माय अकाउंटमधून (सीआरएच्या वेबसाइटवरचं तुमचं खातं) कळवा किंवा आरसी ६५ हा वैवाहिक स्थिती बदलल्याचा फॉर्म पाठवा. तारीख मात्र १४ सप्टेंबरचीच घाला, ९० दिवस भरले त्या दिवसाची नको. म्हणजे ऑक्टोबरपासून नव्याने हिशेब होईल आणि मागचा फरकही हातात येईल.

फरक लहान नाही. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षात सहाच्या आतल्या मुलाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर आणि ६ ते १७ वयाला ६,७४८ डॉलर मिळतात. २०२४ चं निव्वळ उत्पन्न ३७,४८७ पर्यंत असेल तर ही रक्कम पूर्ण मिळते, आणि वेगळं झाल्यावर फक्त तुमचंच उत्पन्न धरतात. तुम्हाला महिन्याला १,२२८.७५ बसतील.

आता ते तीन दिवस. सातातले तीन म्हणजे जवळपास ४३ टक्के. मुलं ४० ते ६० टक्के वेळ प्रत्येकाकडे राहिली की ताबा सामायिक धरला जातो. मग प्रत्येकाला आपापल्या उत्पन्नावर जे मिळालं असतं त्याच्या निम्मं मिळतं, म्हणजे तुम्हाला ६१४ च्या आसपास. मुलांच्या बाबांना स्वतःचा अर्ज करावा लागेल. हा बदलही वेळेवर कळवा, नाहीतर जास्तीचे पैसे पुढच्या हप्त्यांतून वळते होतात. आणि ३० एप्रिलपर्यंत रिटर्न भराच, उत्पन्न शून्य असलं तरी.
– कर-मदत गटातला एक सभासद

---

ताई, मी अकरा महिने गप्प बसले होते. सरकारला कळवलं म्हणजे ही गोष्ट सासरी, सगळ्या ओळखीत पोचेल असं वाटायचं. कुठेही पोचत नाही हो. भाड्यासाठी बहिणीकडून उसने घेत होते आणि हक्काचे पैसे तसेच पडून होते. नंतर थकबाकी एकरकमी आली, पण ते अकरा महिने फार वाईट गेले.

एक सांगते. नंतर कधीतरी सीआरएकडून पुरावे मागणारं पत्र येऊ शकतं: घराचा भाडेकरार, शाळेचं पत्र, डॉक्टरांचं पत्र, मुलं कुठे राहतात ते दाखवणारं. माझ्या मुलाच्या शाळेत जुनाच पत्ता होता, ते निस्तरायला दोन महिने गेले. शाळा, डेकेअर, डॉक्टर, सगळीकडचा पत्ता आजच बदला.
– तुमच्यासारखीच एक

---

जोडून विचारते, माझे मिस्टर नोकरीसाठी पुण्यात असतात. मग मीही वेगळीच ना?

---

नाही वहिनी. कामासाठी दूर राहणं म्हणजे विभक्त होणं नव्हे. तुम्ही विवाहितच, आणि त्यांची तिथली कमाईही कुटुंबाच्या उत्पन्नात दाखवावी लागते. लपवू नका, वसुली फार जड जाते.
– कर-मदत गट

---

ताईंचा निरोप:
"काल मुलं झोपल्यावर तारीख भरली. हात थरथरत होते, पण भरली. सोमवारी शाळेत पत्ता बदलायला जाते. मुलांना बाबा हवा आहे, त्यामुळे पैसे कमी होतात म्हणून ते तीन दिवस मी अडवणार नाही. त्याच्याशी बोलले, तो त्याचा अर्ज स्वतः करणार आहे."