शोधशब्दात & आल्यास तो अर्धाच का पोचतो?
'चहा & खारी' असे शोधल्यावर सर्व्हरला केवळ 'चहा' मिळतो, या अडचणीवर एनकोडयूआरआय (encodeURI, वेबपत्त्यातील विशेष चिन्हांचे %-संकेतांत रूपांतर करणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन) वापरण्याचा सल्ला दिला जातो, पण तो येथे पुरणार नाही; कारण ते फंक्शन संपूर्ण पत्त्यासाठी असल्याने &, = आणि # ही चिन्हे जशीच्या तशी ठेवते आणि सर्व्हर & पाशी नवे पॅरामीटर (पत्त्यातून पाठवलेला माहितीचा वेगळा तुकडा) सुरू झाले असे समजतो. फक्त शोधशब्दावर एनकोडयूआरआयकंपोनंट (encodeURIComponent, पत्त्याच्या एका भागासाठीचे फंक्शन) चालवावे, म्हणजे & चे %26 होईल. मात्र एकदाच, दुसऱ्यांदा चालवल्यास त्याचे %2526 होते (ही चूक मी स्वतः केलेली आहे). देवनागरीमुळे पत्ता लांबलचक झाला तरी बिचकू नये: यूटीएफ-८मध्ये (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, अगदी उकाराला आणि मात्रेलाही, ३ बाइट लागतात आणि प्रत्येक बाइट %26 सारखा तीन अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे नुसत्या 'पुणे' या चार चिन्हांच्या शब्दाची ३६ अक्षरे होतात.