कयाकवरून गळ: देवबागला कधी उतरू?

खाडीकर: खाडीत कयाकची सवय आहे, आता डिसेंबरात कर्ली नदीच्या मुखाबाहेर तांबोशी माशासाठी जायचंय. भरती बघू की वारा?

मालवणी गडी: आधी ओहोटी बघ रे. मुखावर पाणी बाहेर धावतं नि समोरून लाट आली की तिथंच उभी फुटते, कयाक आडवी झाली की उलटलीच. अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) ओढ कमी, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात नकोच.

गरीवाला: आणि पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा! किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं म्हणून माणूस लांब जातो आणि परतताना वारा तोंडावर. लाईफ जॅकेट अंगातच हवं, वल्हं दोरीने बांध. खडकाजवळ जिवंत कोळंबी लाव, लीडर (गळाजवळचा दोरा) जाड घे, तांबोशी लागली की कपारीत घुसते.