असल उत्तरच्या टेबलावर पायदळ दोन चालींत संपतं, काय बदलावं?

राजेंद्रनगर_पलटण (इंदूर)
नमस्कार मंडळी. पंजाबात खेमकरणजवळ झालेली असल उत्तरची भारत-पाक रणगाड्यांची लढाई (सप्टेंबर १९६५) टेबलावरच्या युद्धखेळासाठी १:१०० मापाच्या प्रतिकृतींत मांडतोय. टेबल ६ बाय ४ फुटांचं. पाकिस्तानकडे ९ पॅटन रणगाडे आणि पायदळाची एक प्लाटून. भारताकडे ३ सेंच्युरियन आणि ३ शर्मन रणगाडे, जीपवरच्या १०६ मिमी आरसीएल (धक्का न देणाऱ्या रणगाडाविरोधी तोफा) ३ आणि पायदळाच्या २ प्लाटून. नियम घरचेच, साध्या फाशावर. पॅटनचा पल्ला ३६ इंच, एका चालीत ८ इंच हलतो. दर वेळी दुसऱ्या चालीअखेर जीपा उडालेल्या, पायदळ खंदकात दबलेलं, आणि पुढे नुसते रणगाडेच एकमेकांवर फासे टाकत बसतात. आरसीएलचा मारा वाढवावा की पॅटनचं चिलखत उतरवावं?

चिलखती_काका
दोन्ही आकड्यांना हात लावू नका. आज बदललेत तर हाच पॅटन दुसऱ्या लढाईत खोटा पडेल. अडचण दिसण्याची आहे. ४८ इंचांतून दोन्हीकडे आठ-आठ इंच सोडले की मधे उरतात ३२, आणि पल्ला ३६. पहिल्याच चालीला सगळे सगळ्यांच्या टप्प्यात! टेबल लांबीच्या बाजूनं खेळा, ७२ इंच मिळतील. खेमकरणचा मुलूख सपाट आहे खरा, पण तेव्हा ऊस उभा होता आणि भारताच्या ४ माउंटन डिव्हिजनचे मोर्चे घोड्याच्या नालासारखे मांडलेले होते. तुमच्या टेबलाचा निदान एक-तृतीयांश भाग उसानं झाकला पाहिजे.

आता लपवाछपवी. भारताची जीप किंवा पायदळाचं सेक्शन (प्लाटूनचा तिसरा हिस्सा) सुरुवातीला टेबलावर ठेवायचंच नाही. ३ जीपा, ६ सेक्शन आणि ५ रिकाम्या अशा १४ चकत्या करा. खाली नंबर, आणि कुठल्या नंबराला काय ते कागदावर. शत्रूचं पायदळ ४ इंचांच्या आत आलं तर चकती उलटते. रणगाड्याला २ इंच पुरेत. झाकण लावून बसलेल्याला उसातलं काय दिसणार? आरसीएलचा मागचा झोत धुरळा उडवतो, म्हणून झाडली की ती जीप उघडी. पुढच्या चालीत एकतर पुन्हा झाडायचं नाहीतर ६ इंच हलायचं, दोन्ही नाही. हा एक नियम लावलात की खेळाडू ३० इंचांवरून गोळा वाया घालवत नाही, पॅटन १०-१२ इंचांवर येऊन कूस दाखवेपर्यंत दम धरतो. कूस ठरवायला पॅटनच्या पुढच्या कडेवर पट्टी आडवी धरा. झाडणारा पूर्णपणे पट्टीच्या मागे असेल तर मारा बाजूच्या चिलखतावर.

आणि पॅटनवाल्यानं आपलं पायदळ मागे ठेवलं तर चकत्या उलटणारच नाहीत. तिथं हा सामना फिरतो.

केरसुणी_कारखाना (इंदूर)
काकांनी सांगितलेला ऊस करायचा कसा, ते सांगतो. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानातून काथ्याचं पायपुसणं आणा. त्याचा काथ्या साधारण १५ मिमी उभा असतो, आणि या मापाला ऊस हवा २५ ते ३० मिमी. म्हणून केरसुणीचे ३० मिमीचे तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून मधेमधे खोचा, सेंटिमीटरला दोन. पॅटन साधारण ३१ मिमी उंच भरतो. त्याचा कमांडर उसावरून जेमतेम डोकावतो आणि शिपाई पुरता झाकला जातो. पायपुसणं कापायचं ते पाठीमागून, फक्त रबर चिरून, मग हातानं ओढून वेगळं करायचं. वरून कात्री चालवली की काथ्याच तुटतो आणि महिनाभर टेबलावर गळत राहतो. २५ मिमीच्या पट्ट्या करा, चिकटवू नका. रणगाडा शिरला की तेवढी पट्टी उचलता येते. दोन पट्ट्यांत ३० मिमी जागा सोडा, नाहीतर पायदळाच्या प्रतिकृतींचे तळ बसत नाहीत.

भारतीयांनी पॅटन फसावेत म्हणून पाणी सोडलेल्या शेतांसाठी ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी). रंग दोन्ही बाजूंना द्या, एकाच बाजूला दिला तर फळी वाकते. पाण्यासाठी चकचकीत वॉर्निशचे तीन-चार पातळ हात, दोन थरांच्या मधे एक दिवस थांबा. फेविकॉलचा जाड थर ओतू नका, दुधाळ राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा चिकट होतो. मॅट स्प्रेसुद्धा जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पांढरा धरतो, तेव्हा तो कोरड्या दिवशीच मारा. थर्माकोलवर तर स्प्रे थेट नकोच, विरघळतो. आधी फेविकॉल-पाण्याचा हात द्या.

राजेंद्रनगर_पलटण
फारच कामाचं. पाण्यात पॅटन फसण्याचा नियम किती कडक ठेवू?

चिलखती_काका
शेतात शिरताना एक फासा, दुसऱ्या चालीलाही आतच असला तर आणखी एक. १ किंवा २ पडले की फसला. दोनदा फासा टाकावा लागला तर सुखरूप निघण्याची शक्यता ४४ टक्के, म्हणजे ९ पैकी सरासरी ४ पार होतात. फारच जाच वाटला तर फक्त १ वर फसवा, ६९ टक्के होईल. फसलेला गाडा झाडू शकतो, हलू शकत नाही. दर चालीला ६ पडला तर सुटका. पाणी सगळीकडे भरू नका हं भिया, एक कोरडी वाट ठेवा आणि तिच्या तोंडाशी सेंच्युरियन लपवा.

शर्मनच्या जागी एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे घेतलेत (भारताच्या ८ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटकडे होतेच) तर प्रत्येकाला १२ खुणांची चिठ्ठी द्या. त्याच्या आपोआप भरणाऱ्या तोफेला सहा-सहा गोळ्यांचे दोन ड्रम. ते संपले की बाहेरून भरावे लागतात, म्हणून गाडा एक पूर्ण चाल आडोशाला थांबला पाहिजे.